सक्तीचा दवाखाना आणि विश्वासाचा दवाखाना

सांथ आली म्हणजे राज्यकर्त्यांपुढें एक जुनाच प्रश्न नव्या रूपानें उभा राहतो : धरावयाचें कोणाला, रोगाला कीं रोग्याला? १८९७ सालीं पुण्यांत प्लेगाच्या वेळीं गोरे सोजीर घरोघर शिरूं लागले, तेव्हां लोकांनीं आपलीं आजारी माणसें लपविलीं, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. तरी प्लेगाचें नांव घेण्यास कोणाला लाज वाटत नव्हती. परंतु ज्या रोगांचें नांवच आपल्या भाषेनें 'गुप्तरोग' असें ठेविलें, त्यांच्या बाबतींत सक्तीनें काय साधलें, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाहीं. तो दीडशें वर्षांहून अधिक काळाचा आहे. तो लंडनपासून मुंबईपर्यंत आणि गोव्यापासून सांगलीपर्यंत पसरलेला आहे. आणि त्याचें तात्पर्य एका वाक्यांत मावण्याजोगें आहे. ज्या दवाखान्याची रोग्याला भीति वाटते, तो दवाखाना रोग थांबवूं शकत नाहीं; कारण रोगी तेथें येतच नाहीं.

गरमी आणि परमा हीं नांवें आपल्याकडे जुनीं आहेत. एच. आय. व्ही. आणि 'ब' प्रकारची कावीळ हीं नांवें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतलीं. परंतु या सर्वांची चाल बरीचशी सारखी. शरीरसंबंधांतून ते पसरतात, आईकडून मुलाकडे जातात. आणि यांतले कित्येक रक्तांतूनहि पसरतात. रोगी पुष्कळदां दिसावयास धडधाकट असतो. म्हणून या रोगांविरुद्ध लढतांना सरकारच्या हातीं पहिलें साधन एकच असतें : रोग्यानें आपण होऊन दाराशीं येणें. हें साधन दोनदां हातचें गेलें, आणि दोनदां तें पुनः मिळवावें लागलें.

इ. स. १८६४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें 'सांसर्गिक रोगांचा कायदा' अशा साळसूद नांवाचा एक कायदा केला. लष्करांतील दर तीन आजाऱ्यांपैकीं जवळजवळ एक या रोगांनीं पडलेला असे, हें त्याचें निमित्त. आरंभीं लष्करी ठाणीं व बंदरें मिळून अकरा ठिकाणीं तो लागू झाला. १८६६ व १८६९ सालीं वाढवून तो अठरा ठिकाणीं नेण्यांत आला. साध्या वेषांतील पोलिसानें एखाद्या स्त्रीवर वेश्या असल्याचा संशय घ्यावा, तिला डॉक्टरपुढें उभें करावें, आणि रोग आढळल्यास 'लॉक हॉस्पिटल' नांवाच्या इस्पितळांत महिनेच्या महिने डांबून ठेवावें, अशी ती योजना होती.

पुरुषांचें काय, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. त्याचें उत्तर मोठें उद्बोधक आहे. सैनिकांची नियमित तपासणी पूर्वीं होत असे. परंतु ती त्यांच्या स्वाभिमानास अपमानकारक वाटते म्हणून १८५९ सालीं बंद करण्यांत आली होती. म्हणजे रोग दोघांना, आणि तपासणी एकीची! आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही आपली म्हण या कायद्याला अक्षरशः लागू पडते. ज्या स्त्रीला कोंडलें ती बाहेर येईपर्यंत तिच्याकडून रोग घेऊन गेलेला, अथवा तिला रोग देऊन गेलेला पुरुष मोकळाच हिंडत असे.

या कायद्याविरुद्ध जी स्त्री उभी राहिली, तिचें नांव जोसेफाइन बटलर. एका धर्मोपदेशक शिक्षकाची ती पत्नी. त्या काळीं सभ्य घरांतील स्त्रीनें ज्या विषयाचा उच्चारहि करूं नये, त्या विषयावर तिनें भर सभांतून बोलावयास प्रारंभ केला. १८६९ सालीं तिच्या पुढाकारानें स्त्रियांची एक संस्था स्थापन झाली, आणि त्या संस्थेच्या निषेधपत्रकावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनेंहि सही केली. बटलरबाईंचा आक्षेप दुहेरी होता. एक, निरपराध नागरिकाला केवळ संशयावरून तपासणें हा अन्याय आहे. दुसरा, या अन्यायानें रोग आटोक्यांत येत नाहीं. पार्लमेंटांत जेम्स स्टॅन्सफेल्ड यांनीं हा पक्ष लढविला. १८८३ सालीं सक्तीची तपासणी स्थगित झाली, आणि १८८६ सालीं कायदाच रद्द झाला. या यशाला सुमारें सतरा वर्षें लागलीं.

हिंदुस्थानांत तर हा प्रकार अधिक मोकळ्या हातानें चालला. १८६४ च्या छावणी-कायद्यानें लष्करी ठाण्यांतील 'लाल बाजारां'वर सरकारी देखरेख आली, आणि १८६८ सालच्या चौदाव्या कायद्यानें मोठ्या शहरांतील वेश्यांची नोंदणी व ठराविक मुदतीनें सक्तीची तपासणी सुरू झाली. कलकत्त्यांतील पुष्कळ स्त्रिया हद्द ओलांडून फ्रेंचांच्या चंद्रनगरांत निघून गेल्या. तेथें इंग्रजांचा कायदा चालत नव्हता. मुंबईंत तो १८७० सालीं लागू झाला. परंतु बहुतेक स्त्रियांनीं नोंदणी चुकविली. त्यांतच खर्च कोणीं सोसावयाचा, यावरून सरकार व म्युनिसिपालिटी यांच्यांत वाद लागला, आणि १८७२ सालीं अंमल थांबला. १८८० सालीं तो पुनः सुरू करण्यांत आला, आणि १८८८ सालीं हिंदुस्थानांतूनहि तो कायदा उठला.

या योजनेची वैद्यकीय बाजूहि तितकीच लंगडी होती. परम्याचा जंतु नाइसर यांनीं १८७९ सालीं दाखविला, आणि गरमीचा जंतु शाउडिन व हॉफमन यांनीं १९०५ सालीं. म्हणजे हा कायदा भरांत असतांना डॉक्टरांना केवळ डोळ्यांना दिसेल तेवढ्यावरच निकाल द्यावा लागे. स्त्रीच्या ठिकाणीं परम्याचीं लक्षणें पुष्कळदां दिसतच नाहींत. गरमीहि मधल्या काळांत दडून बसते. त्यामुळें रोग असलेली स्त्री निरोगी ठरे, आणि दुसऱ्याच कारणानें अंगावर फोड आलेली स्त्री कोंडली जाई. औषध म्हणावें तर मुख्यतः पारा; त्यानें रोगी किती वेळां रोगापेक्षां अधिक खंगे. अशा तपासणीच्या नांवाखालीं दिलेलें निरोगीपणाचें प्रशस्तिपत्र हें पुरुषाला खोटी निर्भयता देणारेंच होतें.

सक्तीच्या मुळाशीं हेतु कोणता होता, हें १८८६ सालच्या एका लष्करी पत्रकानें उघड केलें. सरसेनापतींच्या कचेरींतून निघालेल्या त्या पत्रकांत, पलटणीच्या बाजारांत पुरेशा, आणि रूपानेंहि पुरेशा आकर्षक, स्त्रिया ठेवण्याची व्यवस्था व्हावी असें अधिकाऱ्यांना सुचविलें होतें. १८८८ सालीं तें विलायतेंत प्रसिद्ध झालें, तेव्हां मोठाच गहजब उडाला. सार्वजनिक आरोग्य हें नांव होतें. प्रत्यक्षांत ती सैनिकांच्या सोयीची तजवीज होती.

येथें दुसऱ्या बाजूचें म्हणणेंहि प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. कायदा उठल्यावर हिंदुस्थानांतील गोऱ्या फौजेंत रोग वाढला. १८९५ सालीं दर हजार सैनिकांमागें पांचशेंहून अधिक वेळां या रोगांसाठीं इस्पितळांत दाखल करावें लागलें. सक्तीच्या कैवाऱ्यांनीं हा आंकडा निशाणासारखा फडकविला, आणि १८९७ सालीं छावण्यांपुरते कांहीं निर्बंध परत आणविले. पुढें रोग पुष्कळच उतरला, हेंहि खरें. परंतु त्याच काळांत सैनिकांना रोगाची माहिती देणें, त्यांच्यावर लवकर उपचार करणें, दारू कमी करणें, खेळ व वाचनालयें यांची सोय करणें, असे उपायहि जोरानें चालू झाले. तेव्हां त्या उताराचें सगळें श्रेय सक्तीच्या पदरीं टाकतां येत नाहीं. निश्चित एवढेंच कीं, पुरुषाकडे लक्ष वळल्यावर प्रथमच रोगाच्या दोन्ही टोंकांना हात लागला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं शास्त्रानें एकदम झेंप घेतली. १९०६ सालीं वासरमन यांनीं रक्ताच्या तपासणीनें गरमी ओळखण्याची रीत काढली. पॉल एर्लिक व त्यांचे जपानी सहकारी हाता यांनीं शोधलेलें 'साल्व्हर्सान' हें औषध १९१० सालीं बाजारांत आलें. आतां रोग ओळखतां येत होता आणि त्यावर औषधहि होतें. उणीव होती ती रोगी दवाखान्यांत येण्याची. ही उणीव भरून काढण्याचा मार्ग ज्या समितीनें दाखविला, तिच्या अध्यक्षांचें नांव मुंबईकरांना अपरिचित नाहीं.

१९०७ ते १९१३ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जॉर्ज क्लार्क विलायतेस परतल्यावर लॉर्ड सिडनहॅम या नांवानें ओळखले जाऊं लागले. मुंबईचें सिडनहॅम कॉलेज त्यांच्याच नांवाचें. त्यांच्याच कारकीर्दींत १९०८ सालीं लोकमान्य टिळकांना मंडालेची शिक्षा झाली. म्हणजे गृहस्थ सक्तीला बुजणारे खास नव्हेत. १९१३ सालीं गुप्तरोगांविषयीं नेमलेल्या राजकीय समितीचे ते अध्यक्ष झाले. १९१६ च्या अहवालांत समितीनें अंदाज दिला कीं मोठ्या शहरांतील लोकसंख्येचा निदान दहावा हिस्सा गरमीनें पछाडलेला असावा. एवढें भयंकर चित्र पुढें असूनहि समितीनें जुन्या सक्तीकडे परत जाण्याचा सल्ला दिला नाहीं. तिनें सांगितलें कीं दवाखाना सर्वांना खुला असावा, उपचार फुकट असावे, आणि रोग्याचें नांव बाहेर जाऊं नये. त्याच वर्षीं तसे नियम झाले; खर्चाचे चार आण्यांतले तीन आणे मध्यवर्ती सरकारनें आणि एक आणा स्थानिक मंडळानें द्यावा असें ठरलें. पुढच्या वर्षीं भोंदू वैद्यांच्या जाहिरातींना कायद्यानें बंदी घातली. जेथें पूर्वीं पोलिस स्त्रीला ओढून आणीत, तेथें आतां स्त्रीपुरुष आपल्या पायांनीं येऊं लागले.

आपल्याकडे या विषयावरचें मौन फोडण्याचें काम रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं केलें. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें. लोक ज्या शंका वैद्यालाहि विचारावयास लाजत, त्यांचीं उत्तरें त्यांनीं साध्या मराठींत छापलीं. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांची बाजू मांडली. कर्वे यांना दंड झाला, तरी मासिक १९५३ सालीं त्यांच्या निधनापर्यंत चालू राहिलें. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं. पण कोंबडें झांकणाऱ्यांचीच संख्या मोठी असते, याची साक्ष तो दंड देतो.

१९४३ सालीं पेनिसिलिननें गरमी बरी होते असें अमेरिकेंत सिद्ध झालें, तेव्हां या रोगांचा अध्याय संपला अशी पुष्कळांची समजूत झाली. ती फार काळ टिकली नाहीं. १९८१ सालीं अमेरिकेंत एड्सचे पहिले रोगी नोंदले गेले. १९८६ सालीं मद्रासेंत डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनीं भारतांतील पहिलीं लागण झालेलीं रक्तें शोधून काढलीं. औषध नव्हतें, भीति मात्र अमाप होती. आणि भीति आली तशी शंभर वर्षांपूर्वींची चूकहि आली.

१९८९ च्या फेब्रुवारी महिन्यांत गोव्यांतील पर्रा गांवच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनीं म्हापशास बोलावून घेतलें. तो नेमानें रक्तदान करी. त्या रक्तांत एच. आय. व्ही. सांपडला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांत अशा माणसाला अलग ठेवण्याची तरतूद होती. त्याला कोणीं नीट कारण सांगितलें नाहीं. क्षयाच्या एका जुन्या इस्पितळांत पहाऱ्याखालीं चौसष्ट दिवस ठेवलें. हा रोग शेजारीं बसल्यानें, एका ताटांत जेवल्यानें किंवा श्वासानें होत नाहीं, हें शास्त्राला तेव्हां ठाऊक झालें होतें. तरीहि क्षयाच्या रोग्यासारखा त्याला अलग टाकला. परोपकारासाठीं रक्त देणाऱ्याला कोठडी मिळाली, हें पाहून दुसरा कोणता माणूस आपण होऊन रक्त तपासून घेईल?

डॉमिनिकच्या आईनें, लुसी डिसोझा यांनीं, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. न्यायालयाच्या हुकुमानें त्याची त्या खोलींतून सुटका झाली. कायद्यांतहि बदल होऊन अलग ठेवणें अनिवार्य न राहतां ऐच्छिक झालें. तथापि तें कलम घटनाविरुद्ध आहे, हें म्हणणें न्यायालयानें मान्य केलें नाहीं. डॉमिनिकनें पुढें आपल्यासारख्यांच्या साह्यासाठीं 'पॉझिटिव्ह पीपल' नांवाची संस्था काढली, आणि १९९२ सालीं तो वारला. बटलरबाईंना सतरा वर्षें मिळालीं. त्याला तीनच मिळालीं. परंतु त्या तीन वर्षांत त्यानें देशापुढें प्रश्न स्वच्छ मांडून ठेविला.

त्याच १९९२ सालीं या प्रश्नाचें उत्तर दोन ठिकाणीं निघूं लागलें. कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तींत डॉ. स्मरजित जाना यांनीं काम आरंभिलें. तेथील स्त्रियांनाच त्यांनीं आरोग्याच्या कार्यकर्त्या केलें. पोलिस नाहीं, परका उपदेशक नाहीं. शेजारीण शेजारणीला रोगाची माहिती सांगे, निरोध देई, दवाखान्यांत सोबत नेई. आरंभीं निरोधाचा आग्रह धरणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तें दशक संपतांना त्या बहुसंख्य झाल्या. कारण एकटीनें आग्रह धरला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातें. सर्वजणींनीं धरला तर त्याला जावयास जागाच उरत नाहीं. मुंबईच्या वस्त्यांत त्या दशकांत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तांत विषाणु आढळूं लागला असतां सोनागाछींत तें प्रमाण एकदशांशाच्या आसपास राहिलें.

आपल्या सांगलींत मीना सरस्वती शेषु यांच्या 'संग्राम' या संस्थेनें त्याच वर्षीं अशाच मार्गानें पाऊल टाकलें, आणि १९९६ सालीं तेथील स्त्रियांनीं स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ति परिषद' उभी केली. ज्या स्त्रीला एकोणिसाव्या शतकानें रोगाचें उगमस्थान ठरवून कोंडलें होतें, तीच विसाव्या शतकाच्या अखेरीस रोग अडविणारी पहारेकरीण ठरली. स्त्री बदललेली नव्हती. तिच्याकडे पाहण्याची सरकारची व समाजाची दृष्टि बदलली.

पुढें औषधहि आलें. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनें एच. आय. व्ही. वरील औषधें फुकट द्यावयास प्रारंभ केला. २०११ सालीं नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर चाललेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगांत पुणें व चेन्नई येथील केंद्रेंहि होतीं. जोडप्यांपैकीं एकास लागण असतां त्याला लवकर औषध सुरू केलें, तर जोडीदाराला रोग जाण्याचें प्रमाण ९६ टक्क्यांनीं घटतें, असें त्यांत दिसलें. आतां तर हेंहि सिद्ध झालें आहे कीं, नियमित औषधानें रक्तांतील विषाणु मोजमापाच्या खालीं गेला कीं शरीरसंबंधांतून तो दुसऱ्याला होत नाहीं. रोग्यावर उपचार करणें आणि समाजाचें रक्षण करणें, हीं दोन कामें येथें एक होऊन गेलीं. रोग्याला शत्रु मानण्याचें अखेरचें निमित्तहि शास्त्रानें काढून घेतलें.

कायद्यानें उशिरानें कां होईना, हीच दिशा धरली. भारताचा २०१७ सालचा एच. आय. व्ही. व एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला. समजून-उमजून दिलेल्या संमतीवांचून तपासणी करूं नये, रोग्याचें नांव फोडूं नये, आणि त्याला अलग टाकूं नये, असें तो सांगतो. पर्रा गांवच्या तरुणाला जें नाकारलें गेलें, तें अशा रीतीनें देशाचा कायदा झालें. २०२३ च्या सरकारी अंदाजाप्रमाणें भारतांत सुमारें २५ लक्ष लोक या विषाणूसह जगत आहेत. प्रौढांत हें प्रमाण शेंकडा ०.२ इतकें आहे. नव्वदाच्या सुमारास ज्या हाहाकाराचें भाकीत केलें जात होतें, तो टळला आहे.

काविळीच्या बाबतींतहि तेंच सूत्र लागू आहे. 'ब' प्रकारच्या काविळीवर लस आहे. ती मुलाला जन्मापासून चोवीस तासांच्या आंत टोंचावयाची असते. 'क' प्रकारची कावीळ कांहीं आठवड्यांच्या गोळ्यांनीं बहुतेकांची बरी होते. जुलै २०१८ पासून सरकारचा या दोहोंसाठीं स्वतंत्र कार्यक्रम आहे, आणि त्यांत तपासणी व औषध फुकट मिळतें. परंतु हे रोग यकृताला वर्षानुवर्षें मुकाट्यानें पोखरीत राहतात. लोक काय म्हणतील या भीतीनें जो तपासून घेत नाहीं, त्याच्यापर्यंत फुकट औषधहि पोंचत नाहीं.

तेव्हां या दीर्घ इतिहासाचा हिशेब असा मांडतां येईल. सक्तीनें स्त्रिया चंद्रनगरांत गेल्या, नोंदण्या चुकल्या, आणि रक्तदात्याला कोठडी मिळाली. विश्वासानें विलायतेच्या दवाखान्यांत माणसें आलीं, सोनागाछींत आणि सांगलींत शेजारणी पुढें आल्या, आणि औषध घरोघर पोंचलें. कायद्यांत आतां हा विश्वास लिहिलेला आहे. परंतु नांव न फोडण्याचें कलम सरकार राखूं शकतें, तिरस्कार न करण्याचें कलम समाजानेंच राखावें लागतें. सरकारी दवाखान्याचा दरवाजा उघडा असून त्याच्या पायरीवर शेजारपाजारचे डोळे पहारा देत असतील, तर तो दरवाजा बंदच म्हणावयाचा. ते डोळे बाजूस घेणें हें काम डॉक्टरांचें नव्हे. तें प्रत्येक घराचें, प्रत्येक शाळेचें आणि प्रत्येक गांवाचें आहे.